फायरमनकाकांचा राजन्य

आमच्या साखर कारखान्यात नवीन माणूस कामाला लागला, की त्याला टाइम ऑफिसात कार्ड मिळायचं आणि बॉयलर हाऊसमध्ये तारा मिळायचा. कार्ड हरवलं तर दुसरं करून मिळे. तारा मात्र एकदा लागला की लागला, तो बदलून मिळत नसे.

तारे वाटायचं काम फायरमनकाकांचं. नाव त्यांना होतं, पगाराच्या चिठ्ठीवर छापूनही यायचं, पण मी ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते बॉयलरच्या भट्टीवर होते म्हणून फायरमन. बाहेरगावच्या माणसाला वाटे, हे आगीचा बंब घेऊन धावत असतील. काकांचं काम नेमकं उलटं. ऊस पिळून उरलेला भुसा, म्हणजे बगॅस, भट्टीत जळता ठेवायचा आणि अख्खा हंगाम आग विझू द्यायची नाही.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नगर शहरातली, आई शिक्षिका, बीएस्सीला फर्स्ट क्लास, उंची चार फूट अकरा इंच आणि नाकाच्या शेंड्यावर राग. पहिल्याच दिवशी बगॅसचा नमुना घ्यायला बॉयलरवर गेले. घामानं चमकणारा, भुवया जळून अर्ध्या झालेला एक म्हातारा भट्टीच्या झरोक्याला डोळा लावून उभा होता. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाला, "केमिस्टबाई, तुमी तांबडा बटू."

माझं डोकंच फिरलं. "बटू कुणाला म्हणता?" मी विचारलं.

"ताऱ्याची जात हाय ती. बारीक असतोय. उजेड लई कमी. नुसत्या डोळ्यानं आभाळात एकबी दिसत न्हाई."

एवढं स्पष्टीकरण दिल्यावर माझा राग शांत होईल असं त्यांना मनापासून वाटलं असावं. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलावं लागलं, कारण कारखान्याजवळ एकट्या मुलीला राहण्यासारखी एकच धड खोली होती आणि ती नेमकी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून होती. असे ते माझे सहकारी आणि घरमालक दोन्ही झाले.

इतरांना मिळालेले तारे ऐकल्यावर माझी समजूत थोडी पटली. आमचे एमडी साहेब म्हणजे तांबडा राक्षसी तारा. "आकार केवढा तरी मोठा, पन हात लावला तर गार. फुगलाय नुसता." म्हातारे टाइमकीपर म्हणजे श्वेत बटू. "इंधन कवाच संपलं, तरी अजून ऊन हायेत. असंच हळूहळू निवत जानार." युनियनचा एक तडफदार पुढारी होता, त्याला त्यांनी निळा ठरवला होता. "निळा सगळ्यात तापट. उजेड म्हनाल तर डोळं दिपत्यात. पन जाळतो बी तसाच. ह्यो दोन हंगाम टिकला तर माझं नाव बदला." तो दीड हंगाम टिकला आणि मोठा आवाज करून गेला. काका म्हणाले, "निळ्याचा शेवट असाच व्हतो, फुटूनच जातो."

स्वतःबद्दल विचारलं की ते काकूंकडे बोट दाखवत. "आमी जोडतारा. दोगं एकमेकांभवती फिरतोय."

"कसलं दोगं," काकू परातीतून डोकं वर न काढता म्हणत. "मी फिरते. हे बसून अस्त्यात."

काका दहावीपर्यंत शिकले होते. ताऱ्यांचं ज्ञान त्यांनी एका पुस्तकातून घेतलं होतं, त्याला ना पुठ्ठा होता ना पहिली वीस पानं. कारखान्याच्या वाचनालयाची रद्दी निघाली तेव्हा बगॅसबरोबर भट्टीत जाळायला आलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी ते वाचवलं होतं. पहिली वीस पानं तोवर जळाली होती. त्यामुळे पुस्तक कुणी लिहिलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण एकविसाव्या पानापासून पुढे सगळं तोंडपाठ. त्या पानावर पहिलंच वाक्य होतं ताऱ्यांच्या रंगाचं. तांबडा तारा थंड, पिवळा मधला, पांढरा त्याहून तापलेला आणि निळा सगळ्यात उष्ण. काका सांगत, "ते वाचलं आन मी उठून उभाच राह्यलो. म्हनलं, ह्ये तर माझंच काम लिवलंय."

आणि ते खरंच होतं. भट्टीच्या लोखंडी भिंतीला एक झरोका होता. त्यातून आतल्या जाळाचा रंग बघायचा आणि उष्णता सांगायची, हे त्यांचं कसब. मंद लाल दिसला, तर बगॅस ओली आलीय, वाफेचा दाब पडणार. नारंगी-पिवळा दिसला, तर ठीक. पांढऱ्याकडे झुकला, तर हवा कमी करा, नाहीतर राख वितळून भट्टीत तिचे दगड बनतात आणि पुढे पाण्याच्या नळ्यांनाही धोका. काका झरोक्याला डोळा लावून म्हणायचे, "साडेनऊशे," आणि खाली हवेच्या पंख्यावर उभी असलेली माणसं त्यांच्या शब्दावर पंखा कमी-जास्त करायची. तीस हंगाम असंच चाललं होतं.

"ताऱ्यात काय जळतं, काका? बगॅस?" मी एकदा मुद्दाम खोचून विचारलं.

"थट्टा करू नगा. तिथं जाळ न्हाईच. हायड्रोजन दाबला जाऊन त्याचा हेलियम व्हतो, त्याचा उजेड. वरून स्वतःचं वजन दाबतंय, आतून उष्णतेचा रेटा. रेटा आन वजन सारखं हाय तवर तारा नीट. रेटा वाढला की फुगला. रेटा सरला की बसला." मग बॉयलरच्या पत्र्यावर हलकेच हात ठेवून म्हणाले, "आपलं बी येगळं काय हाय."

शुक्राला कुणी चांदणी म्हटलं की ते चिडत. आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळी अंगणात लेकराला भरवताना म्हणाल्या, "ती बघ चांदणी," तर हे गच्चीवरून ओरडले, "चांदणी न्हाई ती. तिला भट्टी न्हाई. सूर्याचा उसना उजेड हाय." ते लेकरू दोन वर्षांचं होतं. त्यानं घास थुंकला आणि भोकाड पसरलं. काकूंनी त्यांना दोन दिवस संध्याकाळी गच्चीवर जाऊ दिलं नाही.

पण ताऱ्यांचा हा नाद फक्त हौसेचा नव्हता. दुकानदार जसा दरवर्षी वजनकाटा तपासून घेतो, तसे काका दरवर्षी संक्रांतीच्या संध्याकाळी स्वतःचे डोळे तपासून घेत. त्या दिवसांत दिवेलागणीनंतर तासाभरात पाच तारे एकदम दिसतात. मृगाच्या एका खांद्याशी काक्षी, तो तांबडा. वर रोहिणी, ती नारंगी. उत्तरेला ब्रह्महृदय, पिवळा. खाली आग्नेयेला व्याध, तो पांढरा. आणि मृगाच्या पायाशी राजन्य, तो निळा. आमच्या लोकांना मृगाची मधली तीन चांदण्यांची ओळ, तिकांडं, तेवढी माहीत असते. काका त्या तिकांड्यापासून बोट वर-खाली नेत पाचही रंग मोठ्यानं म्हणत, मग तिळगूळ तोंडात टाकून जिना उतरत. "पास," असं काकूंना सांगत. काकू म्हणत, "बरं झालं बाई," आणि जेवायला वाढत. हा सोहळा मी दोन संक्रांती पाहिला.

तिसरा हंगाम काकांचा शेवटचा होता. मार्चमध्ये भट्टी विझवायची आणि निवृत्त व्हायचं. त्यांची एवढीच इच्छा होती, की शेवटच्या दिवशी झरोक्यातून आग निवताना बघायची, पिवळ्याची नारंगी, नारंगीची लाल, आणि मग घरी जायचं. "तारा मरताना कुनाला बघाय मिळतोय? मला मिळंल," असं ते येईल त्याला सांगत.

त्याच वर्षी सोनईकडचे एक तरुण इंजिनिअर साहेब आमच्याकडे आले आणि त्यांच्या आग्रहानं भट्टीला उष्णता मोजणारं यंत्र बसलं. भिंतीत एक नळी आणि कंट्रोल रूममध्ये आकडे दाखवणारा डबा. काकांनी डब्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, तुमाला तारा न्हाई. तुमी ग्रह. डब्याचा उसना उजेड."

साहेब सभ्य होते, हसले. पण डबा हसण्यावारी नेणारा नव्हता. काका म्हणत साडेनऊशे, डबा म्हणे साडेअकराशे. काका म्हणत हवा वाढवा, साहेब म्हणत कमी करा. माणसं अर्थातच काकांचं ऐकत. त्या हंगामात भट्टीत राखेचे दगड फार होऊ लागले, ते फोडून काढताना पोरांचे हात सोलवटून निघत. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की यंदा ऊसच मातीचा येतोय.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. दिवाळीला काकांनी काकूंना साडी आणली. स्वतः नगरला जाऊन, कापडबाजारात तीन दुकानं फिरून. काकू नेसून बाहेर आल्या तेव्हा काका मला म्हणाले, "कशी हाय हिरवीगार?" साडी निळी होती. मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "छान हाय की हिरवी." मला वाटलं, नवरा-बायकोची काही गंमत असेल, आणि तसंही पुरुषांना साडीतले रंग कुठे कळतात. मी लॅबमध्ये दिवसभर साखरेचा रंग तपासणारी बाई. जो माणूस रंगावर जगतो त्यानं निळ्याला हिरवा म्हटलं, आणि मी करंजी खाऊन वर गेले.

जानेवारीत भांडण एमडी साहेबांपर्यंत गेलं. मीटिंग झाली, मला लॅबतर्फे बोलावलं होतं. इंजिनिअर साहेबांनी कागद मांडले. एमडी साहेबांनी ते वाचले नाहीत. ते म्हणाले, "तीस हंगाम या माणसाचा डोळा चुकला नाही. डबा कंपनीला परत पाठवा." इंजिनिअर साहेबांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि ती आता होणार नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. बॉयलरवर पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. काका कॉलर ताठ करून फिरत होते, दुसऱ्या पाळीच्या माणसांनाही मुद्दाम थांबून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती.

संध्याकाळी ते गच्चीवर आले, खिशात तिळगूळ. मी दोरीवरचे कपडे काढत होते. कारखान्याच्या धुराड्याची काजळी कपड्यांवर पडली होती म्हणून मी मनातल्या मनात साऱ्या बॉयलर खात्याचा उद्धार करत होते. काकांनी सुरुवात केली. "काक्षी, तांबडा. रोहिनी, नारंगी. ब्रह्महृदय, पिवळा. व्याध..." तिथं ते जरा अडखळले. "खालीच हाय अजून. धुरळा असंल." मग बोट राजन्यावर गेलं आणि तिथंच राहिलं.

मग म्हणाले, "केमिस्टबाई, हिकडं या. ह्यो कसा दिसतोय तुमाला?"

"निळसर पांढरा," मी म्हणाले. "नेहमीसारखा."

"नीट बगा."

"निळाच आहे, काका."

ते कठड्यावर बसले. "मला पिवळट दिसतोय," ते म्हणाले. "सूर्याच्या जातीचा वाटतोय."

क्षणभर मला काहीच उमगलं नाही. मग एकदम डबा आठवला, दगड आठवले आणि ती साडी आठवली. डोळ्यातलं भिंग पिकून पिवळं पडलं होतं. त्यातून निळं येईना. जाळ होता पांढऱ्याकडे झुकलेला, आणि काकांना तो नारंगी दिसत होता.

मी तेव्हा जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "काका, दोन महिने राहिलेत. डबा चाललाच आहे परत. मी पंख्यावरच्या माणसांना हळूच सांगते हवा कमी ठेवायला. कुणाला कळणार आहे?"

"राजन्याला कळलं की," काका म्हणाले. "तो काय माझ्यासाठी गार व्हनार न्हाई. आन खाली चार पोरं माझ्या शब्दावर उभी हायेत. नळी फुटली तर त्यांच्या अंगावर फुटंल, माझ्या न्हाई." मग माझा चेहरा पाहून त्यांनीच मला तिळगूळ दिला. "तुमी तांबडा बटू हाय, बाई. असं निळ्यावानी भडकायचं न्हाई."

मी रडकुंडीला आले होते आणि यांना माझी जात आठवत होती. "आता तरी त्यावरून चिडवू नका," मी म्हणाले.

"चिडवतोय कुठं? तांबडा बटू कमी जाळतो, म्हनून सगळ्यात जास्त टिकतो. इश्वाचं एवढं वय झालं, पन त्या जातीचा एक तारा अजून मेलेला न्हाई. पुस्तकात हाय. तुमाला बघितलं आन वाटलं, ही पोरगी टिकंल हितं."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी चार दिवस बोलत कुठं हुत्या?"

सकाळी आठच्या भोंग्याला ते कंट्रोल रूममध्ये गेले. मीही मागून गेले, पाय ओढत. डबा खोक्यात भरायचं काम चाललं होतं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "खोका उघडा," ते म्हणाले. "डबा बरोबर हाय. माझा डोळा नासलाय." एकानं त्यांचा दंड धरून बाजूला न्यायचा प्रयत्न केला, काय बोलताय काका म्हणून. काका हलले नाहीत. इंजिनिअर साहेबांसमोर जाऊन म्हणाले, "साहेब, तुमाला लोकांसमोर ग्रह म्हनलो, तवा लोकांसमोरच सांगतो. चुकी माझी. एमडी साहेबांना बी मीच जाऊन सांगतो."

साहेब हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून एवढंच म्हणाले, "काका, नाश्ता केलाय का तुम्ही?"

त्याच आठवड्यात साहेबांनी स्वतःच्या गाडीतून काकांना नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजव्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, डाव्याचं मग. डॉक्टरांनी सांगितलं, हंगाम संपेपर्यंत धूळ नको आणि भट्टीचं तोंडही नको. म्हणजे शेवटच्या दिवशी आग निवताना बघायचं राहिलंच. काकांनी ते ऐकलं आणि परतीच्या वाटेवर गाडीत फक्त एकदा खिडकीकडे तोंड केलं. पुढे मार्चमध्ये साहेबांनी व्हिडिओ कॉल लावून त्यांना झरोक्यातली विझती आग दाखवली, तर काका म्हणाले, "मोबाईलातला रंग खोटा असतोय. बंद करा." पण बंद करू दिला नाही, शेवटपर्यंत बघितली.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती ऑपरेशननंतरची चौथी का पाचवी संध्याकाळ. काळा गॉगल घालून घरात बसलेले काका सगळ्यांना वैताग आणत होते. चहा गार आहे, टीव्ही काळा आहे, भाजी करपलीय का. इंजिनिअर साहेब बघायला आले होते. अंधार पडला तसे काका उठले आणि जिन्याकडे निघाले. काकू आडव्या आल्या. "डाक्टरनी सांगितलंय, धक्का बसू द्यायचा न्हाई." शेवटी तह झाला. एका बाजूनं साहेब, दुसऱ्या बाजूनं मी आणि मागून काकू, असे आम्ही त्यांना एकेक पायरी करत गच्चीवर नेलं.

मृग चांगला वर आला होता. काकांनी गॉगल काढला. आधी कुठंच बघितलं नाही, डोळे मिटून उभे राहिले. पाहायला भीत होते ते, मी हात धरला होता म्हणून मला कळलं. मग उजवा डोळा उघडला.

"निळा हाय," ते म्हणाले.

मग उजवा झाकून डावा उघडला. "पिवळा." परत उजवा. "निळा." असं पाच-सहा वेळा. त्यांचा आवाज बदलत गेला आणि उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. "पोरांनो, लई निळा हाय. एवढा निळा मी तरनेपनी बी बघितला नसंल."

"रडू नगा," काकू म्हणाल्या, त्यांचाच आवाज धड नव्हता. "डाक्टरनी डोळ्यात पानी जाऊ द्यायचं न्हाई म्हनलंय."

"ह्ये बाहेरनं आलेलं पानी न्हाई," काका म्हणाले. मग साहेबांकडे वळले, त्यांनाही एका डोळ्यानं नीट न्याहाळलं. "साहेब, तुमी पिवळा तारा. सूर्याच्या जातीचा. लांब पल्ल्याचा. ग्रह कॅन्सल." साहेबांची नोकरी पुढे उन्हाळ्यात कायम झाली, पण त्या संध्याकाळी ते जितके खूश झाले तितके त्या पत्रानं झालेले मी पाहिले नाहीत.

काकू जिन्याच्या दारात उभ्या होत्या. दारावरच्या बल्बचा उजेड त्यांच्यावर पडला होता. काकांची नजर तिकडे गेली आणि थांबली. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, मग परत पहिला.

"ही साडी कंची?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीची."

"ती हिरवी हुती."

मी आणि साहेब एकदम राजन्याकडे बघायला लागलो.

"निळीच हाय ती," काकू म्हणाल्या. "पैल्या दिवसापासून."

काकांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजी तुला तवापासून ठाव हुतं. मंग सांगितलं का न्हाईस?"

काकूंनी पदर सारखा केला. "दोनदा तोंडापोतर आलं. पन मी सांगून ऐकलं असतं का तुमी? म्हनला असता, बायकांना भट्टीतलं काय कळतंय. म्हनून संक्रांतीची वाट बघत बसले. म्हनलं, राजन्याचं तरी ऐकत्याल."

मृग डोक्यावर चढत होता, पण काकांनी परत वर पाहिलं नाही. डावा डोळा तळहातानं झाकून ते नव्या डोळ्यानं काकूंची साडी बघत राहिले.